खुणा कुणाच्या, नावे कुणाची?

टिम बर्टन यांच्या ‘बॅटमॅन’ (१९८९) या चित्रपटात सुरुवातीलाच वर्तमानपत्राच्या कचेरीतला एक छोटा प्रसंग आहे. रात्री शहरात वटवाघळासारखा कुणीतरी फिरतो ही वदंता अलेक्झांडर नॉक्स हा बातमीदार खरी मानतो, म्हणून सहकारी त्याची टर उडवतात. त्यांच्यातला एक व्यंगचित्रकार त्याच्या हातात कागद ठेवतो. कागदावर सूट घातलेले, दात विचकणारे वटवाघूळ काढलेले आहे. सगळे मिळून काही सेकंदांचे काम, पण जाणकार प्रेक्षक त्या कागदाच्या कोपऱ्याकडे बघतो, कारण चित्राखाली सही आहे ‘बॉब केन’ अशी. केन म्हणजे बॅटमॅनचे अधिकृत जनक. चित्रपटाने आपल्या मूळ चित्रकाराला असे हळूच पडद्यावर आणले, याचे चाहत्यांना आजही अप्रूप आहे. पण ही सही अर्धेच खरे सांगते. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा छापून आला. त्याआधी केन यांनी काढलेल्या कच्च्या चित्रात तांबडे कपडे, पाठीला ताठ पंख आणि डोळ्यांपुरता मुखवटा असा कुणीतरी होता. पंखांच्या जागी झुलणारा झगा, डोके झाकणारे कानवाले आवरण, हातमोजे, काळपट रंग, ब्रूस वेन हे नाव, पुढे गॉथम हे शहर आणि ती पहिली कथासुद्धा बिल फिंगर या लेखकाची. फिंगर १९७४ साली वारले. १९८९ च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ही पात्रे एकट्या केन यांनी निर्माण केली असे म्हटले आहे. त्याच वर्षी निघालेल्या आत्मचरित्रात खुद्द केन यांनी फिंगर यांना श्रेय मिळायला हवे होते असे मान्य केले, पण पडद्यावर त्याचा मागमूस नाही.

सुपरहिरोपटांतल्या गुप्त खुणांचा आढावा घ्यायचा तर हाच प्रसंग आधी डोळ्यांसमोर धरावा असे मला वाटते. या खुणांबद्दल जे लिहिले जाते ते बहुतेक यादीच्या स्वरूपात असते. अमुक दृश्यात तमुक अंकाचे मुखपृष्ठ आहे, मागच्या फलकावर अमक्या पात्राचे नाव आहे, गाडीच्या क्रमांकात अंकाचा क्रमांक दडला आहे. अशा याद्या उपयोगी असतात. त्या चिकाटीने करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण यादी एक प्रश्न विचारत नाही. ही खूण कुणाची आठवण ठेवते आणि कुणाची ठेवत नाही? माझे म्हणणे असे की चित्रपटातली प्रत्येक गुप्त खूण ही ऋणाची कबुली असते. हे दृश्य आम्ही रचले नाही, ते आधी कुणीतरी कागदावर काढले होते, असे चित्रपट त्यातून कबूल करतो. ही कबुली तीन गोष्टींवर तपासावी लागते. ती कथेच्या कामी येते का, ती मूळ पानापर्यंत नेते का, आणि पान काढणाऱ्या माणसाला तिच्यातून काही पोचते का. पहिल्या दोन कसोट्यांवर गेल्या पंचवीस वर्षांतले सुपरहिरोपट बरेच पुढे आले आहेत. तिसरीवर ते वारंवार उणे पडतात.

अशा खुणेला इंग्रजीत ‘ईस्टर एग’ म्हणतात. ईस्टरला मुलांनी शोधावीत म्हणून रंगवलेली अंडी घरा-अंगणात लपवून ठेवतात, त्यावरून हे नाव पडले. ते रूढ झाले व्हिडिओ गेममुळे, आणि ती हकीकत आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. अटारी कंपनी आपल्या गेमवर ते तयार करणाऱ्यांची नावे छापत नसे. वॉरेन रॉबिनेट या प्रोग्रामरने ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा गेम एकट्याने तयार केला आणि त्यात कंपनीच्या नकळत एक गुप्त खोली ठेवली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, जेमतेम दिसणारा एक ठिपका उचलून योग्य जागी नेला तर त्या खोलीत जाता येई, आणि आत एकच गोष्ट होती: हा गेम वॉरेन रॉबिनेट यांनी तयार केला, हे वाक्य. म्हणजे नाव नाकारलेल्या कारागिराने केलेली सही हे ईस्टर एगचे पहिले रूप. आज तीच युक्ती स्टुडिओच्या हाती आहे. पडद्यावर काय लपवायचे हे आता मालक ठरवतो, आणि ज्याने मूळ काम केले तो पुष्कळदा त्या खोलीच्या बाहेरच असतो.

सुरुवातीला असे नव्हते, हेही सांगायला हवे. रिचर्ड डॉनर यांचा ‘सुपरमॅन’ (१९७८) उघडतो तोच कॉमिकच्या पानांवर. जून १९३८ ही तारीख पडद्यावर येते, लहान मुलाचा हात ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा अंक उलगडतो आणि मुलाच्याच आवाजात निवेदन सुरू होते. इथे लपवाछपवी नाही, मूळ कुठले ते चित्रपट आधीच सांगून टाकतो. पुढे जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचे नावही येते. ते आपोआप आलेले नव्हते. या दोघांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले होते, पुढे कोर्टकचेऱ्या केल्यावर त्यांची नावे अंकांवरूनही गेली. चित्रपटाची घोषणा झाल्यावर सीगल यांनी जाहीर तक्रार केली, नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९७५ च्या अखेरीस सुपरमॅनचे हक्क असलेल्या कंपनीने दोघांना दर वर्षी प्रत्येकी २० हजार डॉलर आणि नावाचे श्रेय देण्याचे कबूल केले. त्या चित्रपटाच्या सुरुवातीची पाने आणि नावे एकत्र बघितली की समाधान वाटते, कारण तिथे चित्राची आठवण आणि माणसाची आठवण एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत.

त्यानंतर बराच काळ हॉलिवूडला कॉमिकची लाजच वाटत होती. ‘एक्स-मेन’मध्ये (२०००) सगळी मंडळी काळ्या चामड्यात आहेत, आणि कॉमिकमधल्या पिवळ्या पोशाखाचा उल्लेख येतो तो थट्टेच्या एका वाक्यापुरता. मूळ गोष्ट आठवायची ती हसण्यासाठी. २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’पासून मार्व्हलच्या बोधचित्रात कॉमिकची पाने फडफडू लागली, आणि पुढची चौदा वर्षे प्रत्येक चित्रपटाआधी ती पाने प्रेक्षकाला आठवण देत राहिली. २०१६ मध्ये ते बोधचित्र बदलले. पाने अजून आहेत, पण क्षणभर दिसून ती चित्रपटांतल्या नटांच्या दृश्यांत विरून जातात. हा बदल मला सूचक वाटतो. तोवर चित्रपट कॉमिकचा दाखला देत होते, त्यानंतर ते मुख्यतः एकमेकांचा दाखला देऊ लागले. आजच्या पुष्कळशा ‘गुप्त खुणा’ आधीच्याच एखाद्या चित्रपटाकडे बोट दाखवतात. त्यांना ऋणाची कबुली म्हणता येत नाही, ती आपल्याच दुकानाची पाटी झाली.

खूण कथेत मुरली की काय होते, हे बघायला जो जॉन्स्टन यांचा ‘कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’ (२०११) घ्यावा. त्यातला स्टीव्ह रॉजर्स सैन्यात दाखल झाल्यावर लढाईवर जात नाही, युद्धरोखे विकण्याच्या जलशात त्याला रंगमंचावर नाचवतात. तिथे रोज तो खोट्या हिटलरला ठोसा मारतो, आणि त्याच ठोशाचे मुखपृष्ठ असलेले कॉमिक लोकांच्या हातात दिसते. ते मुखपृष्ठ खरे आहे. जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’चा मार्च १९४१ ही तारीख असलेला पहिला अंक डिसेंबर १९४० मध्येच विक्रीला आला, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी. ज्यू घरांत वाढलेल्या या दोन तरुणांनी हिटलरच्या जबड्यावर ठोसा काढला तेव्हा तो मोठा राजकीय धीटपणा होता, आणि त्यांच्या कचेरीवर धमक्याही आल्या. चित्रपट हे सगळे सांगत बसत नाही. कॉमिकमधला पोशाख, ठोसा आणि थाट तो प्रचाराच्या नाटकाला देऊन टाकतो आणि विचारतो, की नाटकातला वीर खरा वीर कधी होतो? खूण इथे शोभेची राहत नाही, तिच्यातूनच गोष्टीचा पेच तयार होतो.

त्याच चित्रपटातली ढाल आणखी जवळून बघण्यासारखी आहे. रंगमंचावरची ढाल वर सपाट आणि खाली निमुळती, तीन टोकांची आहे. तीच घेऊन रॉजर्स पहिल्यांदा शत्रूच्या तळावर घुसतो, खलनायक रेड स्कलच्या ठोशाने तिला पोचा पडतो, आणि मग संशोधक हॉवर्ड स्टार्ककडून त्याला गोल ढाल मिळते. कथेच्या ओघात हे सरळ वाटते. पण पहिल्या अंकातही ढाल तीन टोकांचीच होती आणि दुसऱ्या अंकात ती गोल झाली. कारण एमएलजे या प्रतिस्पर्धी प्रकाशनाचा ‘द शील्ड’ नावाचा वीर आधीपासून बाजारात होता, त्याच्या छातीवरच्या ढालीशी आकार जुळतो अशी त्यांची तक्रार आली. दोन प्रकाशकांच्या भांडणातून झालेला बदल सत्तर वर्षांनी चित्रपटाने नायकाच्या वाढीचा टप्पा करून वापरला. अशी खूण ज्याने रचली त्याने जुने अंक नुसते चाळलेले नाहीत, ते वाचले आहेत. आणि तरीही, नफ्यातल्या वाट्यावरून बिनसल्याने दहाव्या अंकानंतर सायमन आणि कर्बी कंपनीतून बाहेर पडले, हा त्याच गोष्टीचा पुढचा भाग कुठल्याही फ्रेममध्ये नाही.

स्पायडर-मॅनच्या चित्रपटांत दोन खुणा अशा आहेत की त्यांच्यावरून चौकटीची भाषा आणि कॅमेऱ्याची भाषा यांतला फरक शिकवता येईल. सॅम रायमी यांच्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये (२००४) पीटर आपला पोशाख गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठमोरा निघून जातो. हे जॉन रोमिटा यांनी १९६७ मध्ये ५० व्या अंकासाठी काढलेले चित्र. रायमींनी रचना जवळजवळ तशीच ठेवली, कारण ते चित्र मुळातच थांबलेले आहे. पाठ वळली आहे, निर्णय झाला आहे, हलायला काही उरलेले नाही. ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’मधला (२०१७) प्रसंग याहून अवघड होता. पीटर कोसळलेल्या सिमेंटखाली अडकतो, रडतो, मदत मागतो, आणि मग जोर लावून ते ओझे उचलतो. मूळ प्रसंग स्टीव्ह डिटको यांनी १९६६ च्या ३३ व्या अंकात रचला होता. त्यात पीटरवर अवजड यंत्र पडले आहे, छतातून पाणी येते आहे आणि आजारी मे काकूचे औषध हाताच्या टप्प्याबाहेर आहे. डिटको पानामागून पान तोच प्रयत्न काढत राहतात. आधी लहान चौकटी, मग ओझे हलते तशा मोठ्या होणाऱ्या चौकटी, आणि शेवटी अख्ख्या पानावर उभा राहिलेला पीटर. ताकद स्नायूंत दिसण्याआधी ती पानाच्या मांडणीत दिसते. पडद्याला आपली चौकट मोठी करता येत नाही, म्हणून चित्रपटाने दुसरा मार्ग काढला. पीटरसमोरच्या पाण्याच्या थारोळ्यात त्याचा अर्धा चेहरा आणि अर्धा मुखवटा एकत्र दिसतात. अर्धा माणूस, अर्धा मुखवटा ही डिटकोंचीच आवडती खूण, पीटरच्या मनातली ओढाताण दाखवायला ते ती नेहमी वापरत. मांडणी उतरवता आली नाही तेव्हा त्यांचीच दुसरी खूण घेऊन ती जागा भरली. रूपांतर असेच असावे.

काही खुणा वचनासारख्या असतात. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’च्या (२०१२) श्रेयनामावलीच्या मधल्या प्रसंगात थॅनॉसचा सेवक त्याला सांगतो की या माणसांना आव्हान देणे म्हणजे मृत्यूची आराधना करणे. थॅनॉस वळून हसतो. नवख्या प्रेक्षकाला ती खलनायकाची नुसती झलक वाटते. जिम स्टार्लिन यांचे ‘द इन्फिनिटी गाँटलेट’ (१९९१) ज्याने वाचले आहे, त्याला ते हसू कळते. तिथला थॅनॉस मृत्यूच्या स्त्रीरूपावर खरोखरच प्रेम करतो आणि तिच्या कृपेसाठी अर्धे विश्व मारून टाकतो. पुढे ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) चित्रपटाने ते कारण टाकून दिले आणि वाढती लोकसंख्या, अपुरी साधने असे हिशेबी कारण दिले. बदल करायला हरकत नाही, कदाचित पडद्यावर तेच जास्त पटले. पण २०१२ चे ते हसू त्यामुळे पोरके झाले. याउलट ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’मध्ये (२०१४) रॉकेट नावाच्या रॅकूनला अटक होते तेव्हा पोलिसांच्या पडद्यावर त्याच्या माहितीत हाफवर्ल्ड आणि लायला ही दोन नावे क्षणभर येऊन जातात. दोन्ही नावे बिल मॅन्टलो यांच्या ऐंशीच्या दशकातल्या कथांमधली. तेव्हा ती चाहत्यांसाठी टाकलेली चिमूटभर गंमत वाटली. नऊ वर्षांनी तिसऱ्या भागात लायला प्रत्यक्ष आली आणि रॉकेटच्या दुःखाची सगळी गोष्ट तिच्याभोवती उभी राहिली. रॉकेट हे पात्र १९७६ मध्ये मॅन्टलो आणि कीथ गिफेन यांनी निर्माण केले. १९९२ मध्ये मॅन्टलो यांना मोटारीने धडक दिली, मेंदूला कायमची इजा झाली आणि तेव्हापासून ते शुश्रूषेवर अवलंबून राहिले. २०१४ चा चित्रपट मार्व्हलने त्यांच्यासाठी वेगळा दाखवण्याची व्यवस्था केली. ते चांगलेच झाले. तरी खूण जपणे आणि माणूस जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

आता थेट पैशाकडे येतो, कारण त्याला वळसा घालून हा आढावा पुरा होणार नाही. ‘कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर’ (२०१४) ज्या कथेवर उभा आहे ती एड ब्रुबेकर आणि स्टीव्ह एप्टिंग यांनी २००५ पासून रचली. मेलेला मानलेला रॉजर्सचा जुना साथीदार बकी शत्रूच्या हातचे शस्त्र होऊन परत येतो, ही कल्पना त्यांची. चित्रपटात ब्रुबेकर स्वतः दिसतात. बँकेच्या तळघरात विंटर सोल्जरला खुर्चीत बसवून त्याच्या आठवणी पुसतात, तिथल्या शास्त्रज्ञांत ते एक आहेत. पात्राला ज्याने स्मृती दिली तोच त्याची स्मृती पुसणाऱ्यांत उभा आहे. खूण म्हणून ही फार सुरेख आहे. पण पुढे ब्रुबेकर यांनी जाहीरपणे सांगितले की त्या काही क्षणांच्या भूमिकेबद्दल नटांच्या संघटनेच्या नियमाने त्यांना जे पैसे मिळत राहिले, ते विंटर सोल्जर निर्माण केल्याबद्दल मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त आहेत. पडद्यावर उभे राहण्याचा मोबदला ठरलेला होता, कल्पनेचा नव्हता. स्टार्लिनही ‘एंडगेम’मध्ये (२०१९) दिसतात. थॅनॉसने नाहीशी केलेली माणसे आठवून दुःख हलके करायला जमलेल्या लोकांच्या वर्तुळात ते बसले आहेत, म्हणजे थॅनॉसचा जनक थॅनॉसच्या बळींच्या शोकात. त्याआधी दोन वर्षे, २०१७ मध्ये, त्यांनी मानधनाबद्दलची आपली नाराजी उघड केली होती आणि नंतर मार्व्हलशी नव्याने बोलणी झाली.

यावर पहिला आक्षेप कराराचा. या लोकांनी सह्या केल्या होत्या, काम ठरावीक दराने करून दिले होते, पात्रे कंपनीची आहेत हे त्यांना माहीत होते, मग आता तक्रार कसली? कायद्याच्या दृष्टीने हे म्हणणे बहुतेक वेळा खरे आहे. कर्बी यांच्या वारसांनी त्यांच्या पात्रांचे हक्क परत मागितले तेव्हा खालच्या न्यायालयांनी मार्व्हलच्या बाजूने निकाल दिले, आणि २०१४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना दोन्ही बाजूंनी आपसात मिटवले. पण करार हा कमीत कमी काय द्यायचे ते सांगतो, जास्त देऊ नका असे तो सांगत नाही. आणि जास्त देणे अशक्य नाही, याचा पुरावा याच धंद्यात आहे. स्टार्लिन यांनी १९८८ मध्ये डीसी कंपनीच्या बॅटमॅन-अंकांसाठी केजीबीस्ट नावाचा एक दुय्यम खलनायक तयार केला होता. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये (२०१६) तो अनातोली क्न्याझेव्ह या खऱ्या नावाने येतो, टोपणनाव कुणी उच्चारतही नाही. म्हणजे तो स्वतःच एक गुप्त खूण. त्या खुणेबद्दल डीसीकडून मिळालेला धनादेश थॅनॉस, गमोरा आणि ड्रॅक्स या तिघांबद्दल मार्व्हलकडून तोवर मिळालेल्या एकूण रकमेपेक्षा मोठा होता, असे स्टार्लिन यांनी सांगितले. डीसीच्या करारपद्धतीत पात्र निर्माण करणाऱ्याचा वाटा आधीपासून धरलेला होता, एवढाच फरक. कोपऱ्यातल्या एका खुणेचे पैसे पोचतात आणि जगभर गाजलेल्या पात्राचे पोचत नाहीत, तेव्हा अडचण हिशेबाच्या पद्धतीत आहे, ती बदलता येते.

दुसरा आक्षेप जास्त विचारी आहे. सुपरहिरो कुणा एकाचा नसतोच. ऐंशी वर्षांत शेकडो लेखक, चित्रकार, शाई फिरवणारे, रंग भरणारे, अक्षरे लिहिणारे यांच्या हातून तो घडतो. मग नाव कुणाकुणाचे घ्यायचे? अडचण खरी आहे, पण ती वाटते तितकी मोठी नाही. पात्र पहिल्यांदा कुठल्या अंकात आले, त्या अंकावर कुणी काम केले, हे बहुतेक ठिकाणी नोंदलेले आहे, आणि जिथे वाद आहे तिथे तो वाद तरी माहीत आहे. शिवाय हे चित्रपट नावांच्या बाबतीत कंजूष नाहीत. एका चित्रपटाच्या अखेरीस हजारांवर नावे सरकतात, त्यांत गाड्या चालवणारे असतात, जेवण पुरवणारे असतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मागे संघटना उभी आहे. कॉमिकच्या लेखक-चित्रकारांमागे तशी संघटना कधी उभी राहिली नाही, म्हणून ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली ते दाटीवाटीने येतात. याच आक्षेपाच्या पोटात मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांचाही प्रश्न आहे. ‘एक्स-मेन’मधल्या हॉटडॉग विक्रेत्यापासून त्यांच्या पाहुण्या भूमिका ही या चित्रपटांची सर्वांत लाडकी खूण झाली, आणि २०१८ मध्ये ते गेल्यावर ‘कॅप्टन मार्व्हल’च्या बोधचित्रात नटांच्या दृश्यांऐवजी त्यांच्याच भूमिका आल्या. लींचे श्रेय मोठे आहे, ते कुणी कमी करू नये. पण त्यांनी न घडवलेल्या पात्रांच्या चित्रपटांतही तेच दिसत राहिले. ‘विंटर सोल्जर’मध्ये ली संग्रहालयाचे पहारेकरी आहेत, आणि त्याच चित्रपटातल्या ब्रुबेकरना सामान्य प्रेक्षक ओळखत नाही. एकच चेहरा सगळ्यांच्या वतीने उभा राहिला की बाकीचे हात पुसट होतात. कर्बी आणि डिटको यांना हे फार जाणवले होते. ‘द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’मध्ये (२०२५) त्या विश्वाला ८२८ हा क्रमांक दिला आहे, कारण कर्बींचा जन्म आठव्या महिन्यातला, २८ ऑगस्टचा. कर्बींची आठवण ठेवली गेली याचा आनंद आहे, पण ती अंकांच्या कोड्यात ठेवावी लागली याचे वाईट वाटते.

चित्रपट बघायला आधी अंक वाचून यायचे का, असाही एक सूर असतो. तो रास्त आहे. खूण कळली नाही म्हणून गोष्ट अडली, तर चूक चित्रपटाची. वर सांगितलेली ढाल, कचऱ्याचा डबा, थारोळ्यातला चेहरा यांतले काहीही माहीत नसले तरी प्रसंग पुरा कळतो, आणि माहीत असले तर तो खोल जातो. जिथे खूण कळण्यासाठी चित्र थांबवून मागचा फलक वाचावा लागतो आणि वाचल्यावर हाती फक्त एक नाव येते, तिथे प्रेक्षकाच्या उत्साहाचा फुकट वापर झाला असे मी म्हणेन.

या सगळ्यात ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) वेगळा उभा राहतो, कारण त्याने छपाईलाच खूण केले. सुरुवातीला कॉमिक्स कोडचा शिक्का क्षणभर झळकतो. १९५४ पासून अमेरिकी कॉमिकवर नीतीचा पहारा ठेवणाऱ्या व्यवस्थेचा हा शिक्का. १९७१ मध्ये अमली पदार्थांवरच्या कथेसाठी स्पायडर-मॅनचे तीन अंक त्या शिक्क्याशिवाय निघाले आणि कोडला आपले नियम सैल करावे लागले. पुढे चित्रपटभर जुन्या स्वस्त छपाईचे ठिपके आहेत, रंगांच्या पाट्या सरकल्यामुळे कडेला उमटणारी दुहेरी छटा आहे, आणि कोळी चावल्यावर नायक माइल्सच्या मनातले बोलणे चौकटींत लिहून येऊ लागते. एका अंकाची किंवा एका पात्राची ही आठवण नाही. रंग वेगळे करणारे, छापणारे, अक्षरे लिहिणारे, ज्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत, त्यांच्या हातांची ही आठवण आहे. शेवटी ली आणि डिटको या दोघांनाही शब्दांत वंदन आहे. तिन्ही कसोट्यांच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट मला हाच वाटतो.

त्याचा पुढचा भाग, ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ (२०२३), भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. त्यातल्या मुंबाटनमध्ये, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणात, भेटणारा पवित्र प्रभाकर अनेकांना त्या चित्रपटासाठीच घडवलेला वाटला. तो २००४ पासून कागदावर आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन जे. कांग यांनी ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ या चार अंकांच्या मालिकेसाठी तो रचला, चित्रे कांग यांची. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला मुलगा, धोतरासारखा पोशाख, माया काकू, भीम काका, मीरा जैन आणि नलिन ओबेरॉय. पीटर पार्कर, मे, बेन, मेरी जेन आणि नॉर्मन ऑस्बॉर्न ही नावे मनात म्हणून पाहिली की प्रत्येक भारतीय नावात मूळ नावाचा ध्वनी दडवलेला सापडतो. म्हणजे पवित्रचे नावच एक गुप्त खूण आहे, आणि तो स्वतः आता दुसऱ्या चित्रपटातली खूण झाला. मराठी आवाजात पवित्रला ऐकलेल्या प्रेक्षकाने कांग यांची ती चित्रे एकदा जरूर शोधून पाहावीत. मुंबईच्या इमारतींवरून झेप घेणारे ते धोतर आधी त्यांच्या हातून कागदावर उतरले होते.

बिल फिंगर यांचे नाव बॅटमॅनच्या श्रेयात केन यांच्या जोडीने घालण्याचे डीसीने २०१५ मध्ये मान्य केले. त्यामागे मार्क टायलर नोबलमन या लेखकाची अनेक वर्षांची शोधाशोध आणि फिंगर यांच्या नातीचा पाठपुरावा होता. मोठ्या पडद्यावर ते नाव आले २०१६ च्या त्याच ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये, पात्र जन्मल्यानंतर ७७ वर्षांनी आणि फिंगर गेल्यानंतर ४२ वर्षांनी. सुपरहिरोपटांनी प्रेक्षकाला एक चांगली सवय लावली आहे. शेवटच्या जादा प्रसंगासाठी लोक खुर्चीत बसून राहतात आणि तेवढ्यात समोरून नावे सरकत असतात. पुढच्या वेळी त्या दोन-चार मिनिटांत फोन काढू नका. ‘विशेष आभार’ हा मथळा येईल, त्याखालची नावे वाचा, एखादे लक्षात ठेवा, आणि घरी गेल्यावर त्या माणसाने काढलेला अंक शोधा.